वरच्या सुरांसाठीची नळी : एका संचाचे परीक्षण

गायकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ज्या संचाबद्दल हे लिहीत आहे, त्यात पोलादाच्या चार सरळ नळ्या, सिलिकॉनची एक लांब लवचिक नळी, सफाईचा ब्रश, कापडी पिशवी आणि घडीचे माहितीपत्रक एवढ्या वस्तू आहेत. पोलादी नळ्यांचे आतील व्यास 3, 4, 5 आणि 6 मिलिमीटर आहेत. सिलिकॉनची नळी 35 सेंटिमीटर लांब आणि आतून 9 मिलिमीटर रुंद आहे. नळी ओठांत धरायची, तिच्यातून आवाज सोडायचा आणि सूर खालून वर व वरून खाली फिरवायचा, एवढाच या वस्तूंचा उपयोग. माहितीपत्रक मात्र तार (वरचे) सप्तक सहज खुले होईल आणि आवाजाचा पल्ला वाढेल, असे सांगते. माझे मत आधीच नोंदवते. टिपेच्या सुराकडे जाताना गळ्यावर जोर देण्याची सवय मोडण्यासाठी याहून सोपे साधन माझ्या पाहण्यात नाही; परंतु नळीतून लागलेला सूर मोकळ्या आकारातही, म्हणजे तोंड उघडून ‘आ’वर गातानाही, लागेल अशी हमी कोणतीच नळी देऊ शकत नाही, आणि माहितीपत्रक नेमके तिथेच गप्प बसते.

हे मत कशावरून झाले ते सांगण्यासाठी वरच्या स्वरांची अडचण थोडी उलगडावी लागेल. स्वर चढतो तो स्वरतंतू ताणले जाऊन पातळ होतात म्हणून. गळ्यात पुढच्या बाजूस बोटाला लागणारी मोठी कूर्चा आणि तिच्याखालची कड्याच्या आकाराची कूर्चा यांना जोडणारा स्नायू आकुंचन पावला की त्या दोन्ही पुढच्या बाजूने एकमेकींच्या जवळ येतात आणि तंतू लांबतात. तंतूंच्या आतच असलेला दुसरा स्नायू याउलट त्यांना आखूड व जाड करतो. खालच्या स्वरांत या दुसऱ्या स्नायूचे प्राबल्य असते आणि जसजसे वर जावे तसतशी त्याने पहिल्याला वाट करून द्यायची असते. ज्यांचा आवाज तार सप्तकात फाटतो, चिरकतो किंवा एकाएकी पोकळ होऊन खोट्या आवाजात घसरतो, त्यांच्या गळ्यात ही देवाणघेवाण हळूहळू होण्याऐवजी झटक्यात होते. मध्य सप्तकातला भरदार आवाज ते शक्य तितका वर ओढत नेतात, त्यासाठी श्वासाचा दाब वाढवतात, त्या दाबाला थोपवण्यासाठी तंतू आवळतात, आणि आवळलेले तंतू ताणले जात नाहीत म्हणून पुन्हा दाब वाढवतात.

या देवाणघेवाणीचा सांधा कुठे येतो हे माणसागणिक थोडे बदलते, पण फार नाही. पुरुषांच्या आवाजात तो साधारणपणे 290 ते 350 हर्ट्झच्या दरम्यान लागतो; काळी एक पट्टीत, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज (‘सा’) मानून, गाणाऱ्याच्या हिशेबाने हे तार षड्जाच्या वरचे पहिलेच दोन-तीन स्वर झाले, आणि तार गंधारावर आवाज दगा देतो ही तक्रार इतक्या जणांकडून का ऐकू येते त्याचे उत्तर त्यात आहे. स्त्रियांच्या आवाजातील वरचा सांधा 660 ते 740 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे काळी पाचमध्ये गाणारीच्या तार पंचमाच्या अवतीभवती. संचाचे परीक्षण करताना मी याच दोन जागांवर लक्ष ठेवले. मधल्या सप्तकात कोणतीही नळी बरीच वाटते. तिथे तिची परीक्षा होत नाही.

नळीमुळे घडते ते असे. हवेला बाहेर पडायला अरुंद वाट मिळाल्यामुळे तोंडात, म्हणजेच तंतूंच्या वरच्या बाजूला, दाब साठतो. तंतूंचा कंप त्यांच्या खालच्या आणि वरच्या दाबातील फरकावर चालतो. वरचा दाब वाढला की हा फरक घटतो आणि तंतू एकमेकांवर कमी जोराने आदळतात. 440 हर्ट्झच्या स्वराला ते सेकंदाला 440 वेळा मिटतात आणि त्याच्या वरच्या सप्तकातील त्याच स्वराला 880 वेळा, हे ध्यानात घेतले तर प्रत्येक आघात थोडा सौम्य होण्याचे मोल वरच्या स्वरांतच सर्वाधिक का आहे ते कळते. याखेरीज नळीतल्या हवेच्या स्तंभाचे जडत्व तंतूंच्या कंपाला हातभार लावते, त्यामुळे कमी दाबातही स्वर सुरू होतो. आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात या सगळ्याची मांडणी केली आणि त्यानंतर अरुंद नळीचा हा व्यायाम गायकांमध्ये चांगलाच पसरला. ओठांची फुरफुर, बंद ओठांचा हुंकार, लांबवलेला ‘व’ हे जुने प्रकार त्याच कुळातले आहेत. नळीचा फायदा एवढाच की तिच्यातला अडथळा दर वेळी तेवढाच राहतो आणि तो सांभाळण्यात गाणाऱ्याचे लक्ष खर्च होत नाही.

मला नळीचा सर्वात मोठा गुण वाटतो तो तिच्या चुगलखोरपणात. गाणाऱ्याने जोर लावला की तोंडातला दाबही वाढतो, फरक उरत नाही आणि आवाज बंद पडतो, किंवा हवा ओठांच्या कडेने वा नाकातून निसटते. मोकळ्या गळ्याने जोर देऊन तार मध्यम कसाबसा मारता येतो आणि तो लागला असे स्वतःची समजूतही घालता येते. 3 मिलिमीटरच्या नळीतून तो तसा मारताच येत नाही. शिकवणाऱ्याने ‘जोर देऊ नकोस’ असे कितीही वेळा सांगितले तरी विद्यार्थ्याला नेमके काय सोडायचे ते उमगत नाही. नळी ते त्याच्या गळ्यालाच समजावते.

आता एकेका नळीविषयी. व्यास थोडासा कमी केला तरी रोध, म्हणजे हवेला होणारा अडथळा, कित्येक पटींनी वाढतो. लांबीचा परिणाम त्या मानाने कमी असतो. त्यामुळे चारही नळ्या दिसायला भावंडांसारख्या असल्या तरी वापरताना त्यांच्यात मोठे अंतर जाणवते. 6 मिलिमीटरची नळी जवळजवळ काहीच अडवत नाही. आवाज तापवण्यासाठी ती ठीक आहे, पण सांध्याशी ती गाणाऱ्याला एकटे सोडते. 5 मिलिमीटरची नळी नवख्यासाठी योग्य आहे: रोध जाणवतो, तरी दम कोंडत नाही, आणि मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंतची मींड (स्वरांवरून न तुटता सरकत जाणे) एका श्वासात निघते. संचातील खरी कामाची नळी 4 मिलिमीटरची. सांधा ओलांडताना ती पुरेसा आधार देते आणि तरीही स्वराची उंची कानाला स्पष्ट कळते. 3 मिलिमीटरची नळी अनुभवी गायकांनीच, तीही थोडा वेळ, वापरावी. नवख्याला तिच्यातून हवा ढकलावीशी वाटते, गाल फुगतात, मान ताठ होते, आणि जी सवय मोडायची तीच पक्की होऊ लागते. माहितीपत्रकात अरुंद नळी म्हणजे वरची पायरी असे सुचवले आहे, ते मला मान्य नाही. जाड, वजनदार आवाजाच्या माणसाला बहुधा थोडी रुंद नळी मानवते आणि हलक्या आवाजाला अरुंद नळीही त्रास देत नाही. ही निवड गळ्याच्या प्रकृतीनुसार करायची असते.

सिलिकॉनच्या नळीचा वापर वेगळा आहे. तिचे एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकातून आवाज सोडायचा, म्हणजे बुडबुडे उठतात. या प्रकाराची परंपरा फिनलंडमध्ये 1960च्या दशकात अंती सोविजार्वी यांनी वापरात आणलेल्या काचेच्या नळीपासून सुरू होते. ती 26 ते 28 सेंटिमीटर लांब आणि आतून 8-9 मिलिमीटर रुंद असे. सिलिकॉनची नळी तिच्यापेक्षा लांब, न फुटणारी आणि वळवता येणारी असल्याने मान सरळ ठेवून वापरता येते. पाण्यातील दाबाचा हिशेब सोपा आहे: नळीचे टोक जितके सेंटिमीटर खोल, निदान तितक्या सेंटिमीटर पाण्याचा दाब तोंडात तयार झाल्याशिवाय पहिला बुडबुडाच फुटत नाही. गायनाच्या सरावाला 1 ते 2 सेंटिमीटर खोली पुरते. भांडे भरले आहे म्हणून नळी तळाशी टेकवणारे बरेच जण असतात, आणि मग अर्ध्या मिनिटात दमल्याची तक्रार करतात. संचातल्या नळीवर खोलीच्या खुणा असत्या तर हे टळले असते. इतकी साधी सोय उत्पादकाला सुचू नये याचे नवल वाटते.

बुडबुड्यांमुळे तोंडातील दाब सतत कमी-जास्त होत राहतो, त्याचे हेलकावे गालांना आणि गळ्याला जाणवतात आणि मैफलीनंतर किंवा लांबलेल्या रियाजानंतर थकलेला आवाज त्याने सैल पडतो. यासाठी ही नळी उत्तम आहे. मात्र वरचा पल्ला बांधण्याच्या कामी मला ती पोलादी नळ्यांइतकी उपयोगी वाटली नाही, कारण बुडबुड्यांच्या खळखळाटात स्वर किंचित उतरला तरी कळत नाही, आणि तार सप्तकात स्वराचे भान सुटले तर सारा सराव वाया जातो. या नळीला मी विश्रांतीचे साधन मानते.

माहितीपत्रकाबद्दल तक्रार करावी तितकी थोडी. त्यात नळी धरण्याचे चित्र आहे, पण नाकाने हवा जात नाही ना हे तपासण्याची खूण नाही. स्वर धरलेला असताना नाक चिमटीत पकडून पाहावे. आवाजात बदल झाला तर हवा नाकावाटे निसटत आहे आणि नळीचा बराचसा उपयोग होत नाही, असे समजावे. दुसरी तपासणी म्हणजे नळीच्या टोकासमोर तळहात धरणे: सूर खाली असो की वर, हवेचा झोत सारखाच लागला पाहिजे. सांध्यापाशी तो एकदम वाढला तर तंतू सुटले आहेत, आणि थांबला तर आवळले गेले आहेत. या दोन गोष्टी कळल्या की गुरू समोर नसतानाही सराव बऱ्यापैकी बिनचूक होतो. पत्रकात सरावासाठी फक्त आरोह-अवरोह दिले आहेत, तेही सुटे-सुटे स्वर. माझ्या अनुभवात सांधा जुळवण्यासाठी सुट्या स्वरांपेक्षा मींड अधिक कामाची आहे, कारण मींडीत आवाज कुठे उडी मारतो ते लपत नाही. मध्य पंचमापासून तार पंचमापर्यंत अतिशय सावकाश जावे, जिथे खटका बसेल त्याच्या खाली-वर दोन श्रुतींच्या (सप्तकातील बारीक स्वरांतरांच्या) अंतरात रेंगाळावे, आणि खटका बोथट झाल्यावरच पुढे सरकावे. त्यानंतर पलटे (ठरावीक क्रमाने फिरणाऱ्या स्वररचना), आणि मग बंदिशीचा अंतरा शब्दांवाचून संपूर्ण नळीतून म्हणावा. अंतऱ्याची ही कसरत विशेष फलदायी ठरते, कारण तिथे तार षड्जावर जाण्याची सवयीची झटापट गळ्यात आधीच बसलेली असते आणि नळी ती मोडून काढते.

यापुढचा भाग कळीचा आहे. नळीतून तार पंचमापर्यंत लोण्यासारखा गेलेला आवाज नळी बाजूला ठेवून आकार लावताच पुन्हा त्याच जागी अडखळतो, आणि शिकणाऱ्याचा या साधनावरचा विश्वास उडतो. यात साधनाचा दोष नाही. तोंड उघडले की प्रश्नच बदलतो. प्रत्येक स्वरवर्णाला मुखपोकळीचे स्वतःचे अनुनाद असतात, म्हणजे ज्या उंचीच्या आवाजाला ती पोकळी आपोआप बळ देते अशा जागा. ‘ई’ आणि ‘ऊ’ यांचा पहिला अनुनाद 300-400 हर्ट्झच्या आसपास असतो, तर ‘आ’चा स्त्रियांच्या आवाजात 700 ते 900च्या दरम्यान आणि पुरुषांत त्याहून थोडा खाली. गायलेला स्वर या अनुनादाजवळ येऊन त्याला ओलांडू लागला की आवाजाचा रंग आणि तोल दोन्ही हलतात. नळी ओठांत असताना हा पहिला अनुनाद पार खाली उतरलेला असतो, म्हणून तार सप्तकात त्याला ओलांडण्याचा प्रसंगच येत नाही. नळीत खटका नाहीसा होण्याचे श्रेय काही अंशी गळ्याच्या सुधारणेला आणि काही अंशी या सोयीला द्यावे लागते. संचाच्या जाहिरातीने हे सगळे श्रेय गळ्याच्या नावावर लिहिले आहे.

म्हणून नळी आणि आकार यांच्या मध्ये पायऱ्या लागतात, आणि त्या हळूहळू चढाव्या लागतात. तोच स्वर नळीतून धरून, श्वास न तोडता नळी काढावी आणि ओठ होते तसेच ठेवून ‘ऊ’ म्हणावा; तो स्थिर झाला की ‘ओ’, मग ‘अ’, आणि सर्वात शेवटी ‘आ’. प्रत्येक पायरीला श्वासाचा दाब वाढवण्याचा मोह होतो, कारण नळीने दिलेला वरचा आधार गेलेला असतो. तो आधार आता मुखाच्या आकारातून मिळवायचा असतो. पुरुषांनी तार गंधाराच्या परिसरात आकार थोडा आवरता घेऊन ‘अ’कडे झुकवला तर जाड आवाज वर ओढण्याची ओढ कमी होते. स्त्रियांना तार पंचमाच्या वर याच्या नेमके उलट करावे लागते: जबडा अधिक मोकळा सोडल्यावर मुखाचा अनुनाद वर सरकतो, स्वराच्या जवळ येतो आणि आवाज जोर न लावता भरतो. म्हणूनच त्या उंचीवर ‘ई’ स्वच्छ ‘ई’ राहत नाही, आणि शब्द ओळखू येण्यासाठी तो तसा राखण्याचा हट्ट केला तर सूर आखडतो. माहितीपत्रकात यासाठी एक परिच्छेद जरी दिला असता तरी या संचाचे मोल दुप्पट झाले असते.

माझ्याकडे शिकणाऱ्यांपैकी ज्यांना या संचाचा सर्वाधिक उपयोग झाला ते भरदार आवाजाचे, मध्य सप्तकात उत्तम गाणारे आणि तार सप्तक आले की डोळे मिटून धडक मारणारे. त्यांच्या मानेवरच्या शिरा दिसेनाशा झाल्या हा पहिला बदल. पल्ल्यात पडलेली भर त्यानंतरची, आणि तीही एखाद-दुसऱ्या स्वराचीच. ज्यांचा आवाज मुळात हवेशीर, पातळ आहे आणि वर जाताना विरघळतो, त्यांना फरक कमी पडला. नळी तंतू किंचित विलग ठेवते, आणि त्यांचे तंतू आधीच विलग राहत असतात. त्यांना त्याआधी मध्य सप्तकातील स्वच्छ, नेमका लगाव (आवाज लावण्याची पद्धत) हवा. खर्ज भरण्याची (खालच्या स्वरांच्या रियाजाची) जागाही ही नळी घेत नाही. आवाज फुटण्याच्या वयातील मुलांनी 6 किंवा 5 मिलिमीटरची नळी सहज पोहोचता येईल तेवढ्याच स्वरांत फिरवावी, कारण त्या काळात स्वरयंत्रच वाढत असते आणि सांध्याची जागा महिन्यागणिक सरकते.

घडणीबद्दल थोडक्यात. पोलादी नळ्यांच्या कडा नीट घासलेल्या आहेत, ओठांना बोचत नाहीत, पण दातांत धरण्याची सवय असलेल्याला त्या कठीण लागतात, आणि दातांत धरल्याने जबडा आवळला जातो. नळी ओठांनीच धरावी. ब्रश 3 मिलिमीटरच्या नळीत शिरत नाही, ही अक्षम्य चूक आहे, कारण आतली ओल साफ करण्याची गरज तिलाच सर्वाधिक. सिलिकॉनची नळी धुऊन उभी टांगली नाही तर तिला कुबट वास येतो. पिशवी देखणी आहे.

एक इशारा माहितीपत्रकात ठळक हवा होता तो इथे देते. पूर्वी सहज लागणारे वरचे स्वर अचानक लागेनासे झाले, हळू आवाजात वर जाताना सुरुवातीला नुसती हवा आणि मग उशिराने स्वर येऊ लागला, किंवा घोगरेपणा तीन-चार आठवड्यांनंतरही उतरला नाही, तर नळीचा सराव वाढवण्याऐवजी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्यावेत. तंतूंवरची सूज वा गाठ पहिल्यांदा कळते ती वरच्या, हळू लावलेल्या स्वरांतच. खालच्या दणदणीत आवाजात ती बराच काळ झाकलेली राहते. नळीमुळे अशा वेळी तात्पुरता आराम वाटू शकतो, आणि त्या आरामामुळेच तपासणी लांबण्याचा धोका असतो. सराव करताना गळ्यात दुखू लागले तरी तिथेच थांबावे.

घ्यावा की घेऊ नये, असे कोणी विचारले तर मी आधी हाताशी असलेली कोणतीही साधारण 5 मिलिमीटरची स्वच्छ नळी घेऊन काही आठवडे मींडीचा सराव करून पाहायला सांगेन. नळी पोलादाची आहे की कागदाची, याने गळ्याला फरक पडत नाही. तेवढ्यात मानेचा ताण उतरल्याचे जाणवले आणि आणखी नेमका रोध हवासा वाटला, तर व्यासांची निवड देणारा हा संच उपयोगी आहे, आणि त्यातील 4 मिलिमीटरची नळीच बहुतेकांच्या हातात राहील. गायन शिकवणाऱ्यांनी तो जरूर ठेवावा, कारण निरनिराळ्या गळ्यांना निरनिराळी नळी लागते आणि ती लगेच बदलून पाहता येते. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी नळी मात्र स्वतंत्र असावी.